मनकर्णेचं सूप

बसा गा भाऊ, सुशीलची गोष्ट सांगतो. धान उफणायची मशीन बनवायच्या आधी तो नागपुरात कम्प्युटरवर गणित मांडून पडद्यावर धान पाडून पाहे, पण दाणा आन् कोंडा एकाच ढिगात पडत. त्याचं काम पाहाले कंपनीचे साहेबलोक घरी आले तवा कन्हानहून आलेली माय मनकर्णा तांदूळ पाखडून राहिली होती. “बाबू, तुह्या कम्प्युटरात हवाच नाही का? मंग कोंडा उडंल कसा?” साहेब हासले. सुशील खेकसला, “तुले काय समजते वं? आत जाय!” ती सूप तिथंच ठेवून गावाले निंगाली. सांजेले त्यानं हवेचा अडथळा गणितात टाकताच पडद्यावर कोंडा भुरभुर बाजूले झाला. साहेबायनं पाठ थोपटली, पण मायचं नाव त्याच्या तोंडून निंगालं नाही. तुम्ही कन्हानलेच चालले ना? त्याले, म्हंजे मलेच, जायची लाज वाटते. हे सूप तिले द्या, आन् सांगा, तिचंच बराबर होतं.