तिरकी बैठक

वाटीला कुणाचा धक्का लागला नाही, तरी पाणी सांडलं. काठावरून बारीक धार निघाली, खुर्चीच्या बैठकीवरून घरंगळत गेली आणि खाली भुशात मुरली. मनुबाईचा हात तसाच हवेत राहिला.

सांगलीतल्या आकाराम सुतारांच्या घरची ही रीत होती. बसायची कुठलीही वस्तू, पाट असो की खुर्ची, दुकानाबाहेर जाण्याआधी घरच्या बाईनं तिच्यावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवायची. पाणी ठरलं, की हात खरा. ज्या दिवशी सांडेल, त्या दिवशी सुतारानं हत्यारं खाली ठेवायची. आकारामांचे वडील नाथाजी यांच्या एका पाटावर असंच पाणी सांडलं होतं. त्यांनी त्याच दुपारी रंधा पुसून फळीवर ठेवला. पुढं चार वर्षं जगले, म्हणायचं इतकंच. भिंतीकडं तोंड करून बसायचे. भाकरी दिली तर खात. नाही दिली तर मागत नसत. ती चार वर्षं मनुबाईनं काढली होती.

म्हणून तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. आकारामांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दारात विडी ओढत बसलेल्या रसूल पॉलिशवाल्याला यातलं काही कळलं नव्हतं. "आकारामदा, ही खुर्ची हाय का जत्रंतला पाळणा?"

होतीच ती तशी. सिद्धू, त्यांचा मुलगा, मुंबईच्या चित्रशाळेत पाच वर्षं शिकून आला होता. खुर्चीसुद्धा चित्रासारखी असू शकते, असं त्याचं म्हणणं. हिचा एक पाय दीपमाळेसारखा, दुसरा बैलगाडीच्या आऱ्याचा, तिसरा पलंगाचा कातीव, चौथा शाळेतल्या बाकाचा. पाठ देवळाच्या कमानीची, आणि तीही पोपटी. कुठल्या पायाची मान बैठकीतून वर गेलेली, कुठला खालीच थांबलेला. त्यामुळं चारी पायांची मापं निराळी. सिद्धू आपल्या चित्राच्या कागदावरून आकडे सांगे, आकाराम कापत. आज मिरजेहून संध्याकाळच्या गाडीनं खुर्ची मुंबईच्या प्रदर्शनाला जायची होती. पहिली आली तर सिद्धूला परदेशी शिकायला पाठवणार होते.

सिद्धू पुढं आला. त्यानं बाकाच्या पायाकडं पाहिलं, मग वडिलांच्या बोटांकडं. मग मोठ्यानं हसला.

"आबा, सांडणारच की! बैठक मी तिरकीच काढलीया. नीट बसता आलं, तर ती नुस्ती खुर्ची झाली. ही कला हाय."

"म्हंजे माझा हात..."

"तुमचा हात एक सूत चुकला न्हाई. सांगितलं तसंच कापलंय."

आकारामांनी छातीभर श्वास घेतला. चेहऱ्यावर रक्त परत आलं आणि जिभेवर धारही. "वाकडं करायला शिकाया मुंबई कशाला गाठलीस रं? आमच्या रसूलनं फुकट शिकवलं असतं!"

"आमी फकस्त चकाकी देतो, दादा," रसूल म्हणाला. "वाकडं तुमचं तुमी निस्तरा."

हसता हसता आकाराम थांबले. "अगं, त्यो कागद बघ बरं. माझ्या डोळ्यांस्नी रेघ गावंना. तिरकीच हाय न्हवं?"

सिद्धूचा हात कागदाकडं झेपावला. पण मनुबाईनं तो आधीच उचलला होता. तिला अक्षर येत नव्हतं. चित्राला अक्षर कशाला लागतं? चार पाय चार गावचे. कागदावर बाकाचा पाय मात्र समोरच्या खुर्चीतल्यासारखा आखूड नव्हता. आणि त्या चौघांनी मिळून उचललेली बैठक, भरल्या तळ्यासारखी सपाट. मधोमध सिद्धूनं एक वाटी काढली होती, काठोकाठ भरलेली. असल्या बेमेळ पायांवरही पाणी हलत नाही, हीच त्याची कला होती.

एकोणऐंशीच्या श्रावणातला सोमवार होता. सोमवारी अन्न नाही आणि असत्य नाही, असा तिचा नेम. अकरा वर्षांत मोडला नव्हता. सकाळी महादेवाला वाहिलेलं बेलाचं पान अजून सुकलंही नसेल.

"व्हय," ती म्हणाली. "तिरकीच हाय."

आकारामांनी रंधा उचलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फळीवर चालवायला घेतला.

दुपारी टांगा आला. सिद्धू खुर्चीला गोणपाट गुंडाळत होता. मनुबाईनं दोरीचं टोक धरलं.

"लेकरा, शंभर मान्सात हसं व्हईल रं. असली न्हेऊ नगंस. पडू दे हितंच. फुडल्या साली दुसरी करू."

सिद्धूनं गाठ आवळली.

"न्ह्यावीच लागंल, आये. हितं पडली, तर आबा येक दिस पायांची मापं घेत्याल."