महिन्याच्या जागी

मृत्यूची तारीख आधी कळली की माणूस शांत होतो, असं आयुर्मान-यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. विद्याधर गुप्ते सकाळपासून चौथ्यांदा बाथरूममध्ये गेले होते. त्यांच्या अहवालात ०६/०५/२०६१ होतं आणि आज सहा मे होती.

बायकोने अळूवड्या तळल्या होत्या, पण त्यांनी ताटली बाजूला सारली होती. साताऱ्याहून आलेली बहीण मालूताई पांढरी साडी बॅगेत घालूनच आली होती.

यंत्राचा प्रोग्राम उघडून बसलेली मुलगी ऋता एकदम ओरडली, "बाबा, ह्याने महिन्याच्या जागी मृत्यूच्या वेळेतली मिनिटं छापलीत!"

"काहीतरीच! इतक्या दिवसांत कुणाला कळलं नसतं?"

"शेजारच्या सबनीसकाकांना त्रेचाळिसावा महिना आला, तेव्हा काय केलं आपण? ते अमर झाले म्हणून पेढे खाल्ले!"

"म्हणजे मी आज जात नाही?" विद्याधरांनी अहवाल पुन्हा उघडला.

"तारीख आणि वर्ष बरोबर आहेत, बाबा. महिना आजचाही असेल, पुढचाही असेल."

मालूताईने बॅगेकडे पाहिलं. "अगं बाई, म्हणजे दर महिन्याला यायचं की काय मी?"

विद्याधरांनी भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत उलटून पाहिलं. सहा तारीख प्रत्येक पानावर होती.