मधलं स्टेशन

न्युर्नबर्ग स्टेशनवरच्या बाकावर बसून मुक्ताने लॅपटॉप उघडला, तरी शार्दूल उभाच होता. पाठीवरची सॅकही त्याने उतरवली नव्हती.

“बस ना!”

“हो, हो, बसतो,” तो म्हणाला, आणि गाड्यांच्या बोर्डाकडे बघत राहिला.

ती येनामध्ये खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होती, तो इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. दर शनिवारी दोघं या मधल्या स्टेशनवर भेटत. मधलं आपलं म्हणायचं. मुक्ताची अर्धी वाट त्याच्या अर्ध्या वाटेच्या चांगली दुप्पट होती, पण प्रेमात असला हिशेब कोण काढतो? येनाच्या एका लेन्सच्या कंपनीत त्याच्यासाठी नोकरीही तिनेच शोधली होती. कंपनीचा होकार आला होता. यायचं की नाही, ते तो आज सांगणार होता.

“आधी माझं ऐक,” मुक्ता म्हणाली. तिला राहवतच नव्हतं. स्क्रीनवर एक दीर्घिका होती, लाल-निळ्या ठिपक्यांनी भरलेली. “फोटोत ही सर्पिल भुजा नुसती दिसते. पण ती आहे काय? काहीजण म्हणतात, आउटोबानवरच्या ट्रॅफिक जॅमसारखी. गाड्या येतात, हळू होतात, पुढे निघून जातात. जॅम तिथेच, गाड्या वेगळ्या. दुसरे म्हणतात, नाही, वायू दोन्ही बाजूंनी येऊन तिथे जमतो, म्हणून तर भुजा बनते.”

“मग कळतं कसं?”

“चालीवरून. कुठल्या बाजूचा वायू कुठे निघालाय ते मोजायचं.” तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. “आणि इथे तो दोन्हीकडून आत येतोय, शार्दूल! नुसता जाता जाता थांबलेला नाहीये.”

“आल्झो... म्हणजे, भारीच.” तो जरा घुटमळला. “मग तो तिथेच राहतो?”

“भुजा आहे तोवर राहतो.”

 “कॉफी आणतो,” शार्दूल म्हणाला, आणि सॅक घेऊनच गेला.

परत आला तो एकच कप घेऊन. मुक्ताने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“साखर?”

“संपली होती.”

दोन पुड्यांशिवाय तिच्या घशाखाली कॉफी उतरत नाही, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

“आणि तुझी कॉफी?”

“माझी गाडी आहे आत्ता. ते नोकरीचं... फोनवर बोलू ना.”

त्याने तिचा मागच्या शनिवारचा स्टीलचा डबा पुढे केला. तिने आजचा, थालीपिठांचा, त्याच्या हातात दिला. डब्यांची ही देवघेव ठरलेली होती. तिचा डबा परत येताना कधी त्यात करपलेली खिचडी असे, कधी दुकानातली बाकरवडी, एकदा तर नुसत्या चेरी.

“आज काय केलंयस?”

“घरी जाऊन बघ,” म्हणत तो जिन्याकडे निघालासुद्धा. निदान जिन्यावरून तरी वळून बघेल, असं मुक्ताला फार वाटलं. तो वळला नाही.

येनाच्या गाडीत बसल्यावर घरापर्यंत थांबणं तिला जमेना. तिने डब्याचं झाकण काढलं. तळाशी थोडी साखर होती. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून घालतात तेवढी. कडेला स्टेशनवर कॉफीबरोबर मिळते तसल्या कागदी पुडीचा फाटका कोपरा चिकटला होता.

कॉफीचा कप अजून तिच्या हातातच होता. मुक्ताने डबा त्यात उपडा केला. कॉफी केव्हाच गार झाली होती. साखर विरघळेना, तरी ती ढवळत राहिली.