विसावं गाणं

क्लबातल्या गॉथ नाइटला, म्हणजे उदास गाण्यांवर नाचायच्या रात्री, वाजवायला लेकीने एकोणीस गाणी ठरवली होती. विसावं काही केल्या सापडेना. समोर आई मेथी निवडत ऐकत होती.

"हा नुसता ओरडतोय. ह्याचं कोणी गेलेलं नाही," आई म्हणाली.

पुढच्या गाण्याला मात्र तिचे हात थांबले. गाणं संपलं तरी जुडी तशीच हातात. "हे ठेव. शेवटी लाव."

लेकीने ते विसावं म्हणून यादीत लिहिलं.

"तिथे सगळे काळंच घालतात ना गं?" आईने विचारलं.

"हो. का?"

आई उठून आत गेली आणि काळी चंद्रकळा अंगावर धरून आली. बाबा गेल्यापासूनच्या तीन संक्रांतींत तिला कुणीच हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. साडी कपाटातच पडून होती.

"मग ही चालेल?"