निळ्या मुखपृष्ठावरचे पट्टे

छपाई बिघडली की मशीन न बघता ऑपरेटरवर आळ घ्यायचा, ही सगळ्या साहेब लोकांची खोड. छापखान्यातल्या त्या ऑपरेटर मुलीचे साहेबही निळ्या मुखपृष्ठावरचे फिकट-गडद आडवे पट्टे बघून कडाडले, "आज हे गेले नाहीत तर उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही," आणि तरातरा पुन्हा शेजारच्या केबिनमध्ये शिरले.

तिने ड्रम पुसला, रंग पुन्हा जुळवले, कागद बदलून पाहिला. पट्टे घटकाभर जायचे आणि पुन्हा हजर. वैतागून तिने पायातल्या चपला भिरकावल्या, तेव्हा तळव्यांना कळलं, लाकडी जमीन ठेक्यात हादरतेय आणि तिच्यावरचं मशीनही. ती अनवाणीच हादऱ्यांच्या मागावर गेली आणि तिने केबिनचं दार उघडलं.

आत बाईसाहेब टाळ्यांवर ताल धरून होत्या आणि लेकीच्या लग्नात नाचायचं म्हणून साहेब घामाघूम होऊन उड्या मारत होते.

"पट्टे गेले का?" साहेबांनी धापा टाकत दरडावलं.

"तुम्ही थांबलात ना, आता जातील."

हसून हसून बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही हसू आवरेना.

"अहो," बाईसाहेब नवऱ्याला म्हणाल्या, "मघाशी तर आवाज छताला लागला होता. आता गप्प का?"