नाव गुप्त

"मोकळेपणानं बोला मावशी, तुमचं नाव कुठेही येणार नाही," असा संस्थेच्या मॅडमनी शब्द दिला, तेव्हा कुठे शिवणकाम करणाऱ्या बाईंची जीभ सुटली. मदतीच्या पिठाची निम्मी पोती वस्तीत पोचायच्या आधीच परस्पर दुकानात जातात आणि ती पाठवतो खुद्द वाटप समितीचा प्रमुख, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

पंधरा दिवसांनी सभा भरली. आपण लोकांना बांधील आहोत, तेव्हा आलेली प्रत्येक तक्रार लोकांसमोर वाचायची, असा संस्थेचा नवा नियम होता. मॅडमनी चष्मा पुसला आणि फॉर्म वरपासून खालपर्यंत खणखणीत वाचला.

"पिठाची पोती परस्पर दुकानात जातात. तक्रार समितीप्रमुखांविरुद्ध. तक्रारदाराचं नाव अर्थातच गुप्त. वय बेचाळीस, विधवा, व्यवसाय शिवणकाम, पदरी दोन मुली, राहायला दिराकडे."

अख्ख्या वस्तीत शिलाई मशीन एकच होतं. सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

"चौकशी होणार म्हणजे होणारच," मॅडम म्हणाल्या आणि फॉर्मवर तारीख घालून गाडीत बसल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत समितीप्रमुख हात जोडून उभा होता. मग तो सावकाश मागच्या रांगेपाशी आला.



"चला वहिनी, घरी जाऊ."