झुंजारची भीती

कालव्याच्या काठाशी झुंजार थबकला नाही, तेव्हा हवालदार दमयंती गावितनं धावता धावताच कंट्रोल रूमला फोन लावला. खोल पाणी दिसलं की थांबायचं, हे तिनंच त्याला पिल्लू असताना शिकवलं होतं. पण हल्ली पाठलाग सुरू झाला की कंट्रोल रूममधून पोलिसी कुत्र्याच्या मेंदूतली भीती, तिथे बसवलेल्या चिपमार्फत, बंद करत.

दरोडेखोर पोहून पलीकडे लागला होता. झुंजारनं त्याच्यामागे उडी घेतली. धरणातून कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाण्याला भयंकर ओढ.

"साहेब, त्याची भीती चालू करा! वाहून जाईल तो!" दमयंती फोनवर ओरडली.

"वरून परवानगी घेतोय, ताई. एक मिनिट."

ती काठाकाठानं धावत राहिली. झुंजार शांतपणे पाय मारत मधोमध पोचला होता.

"केली चालू," फोनवरचा माणूस सुटकेनं म्हणाला. "आता वळेल बघा मागे."

झुंजार वळला. सभोवतालचं पाणी बघून तो गांगरला, पोहायचं विसरून नुसता धडपडू लागला, आणि दमयंतीकडे बघत केविलवाणा ओरडला.

तिला पोहता येत नव्हतं. "आले रे बाळा, आले," म्हणत ती कमरेएवढ्या पाण्यात हात पुढे करून उभी राहिली. त्याचं ओरडणं पुलाखालून पुढे गेलं, आणि मग ऐकू येईनासं झालं.